तीन थेंबांचं तीर्थ

सुनीताबाई गायकवाड गेल्याचं मला शिरूरच्या आमच्या कॉलेजच्या फाटकावरच्या फ्लेक्सने सांगितलं. माणसांचे फोन यायच्या आधी आमच्याकडे फ्लेक्स छापून येतो. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो, कोपऱ्यात बाईंचा लहान, आणि खाली 'पोटविकारावरील औषधाच्या जनक'... महिना उलटून गेला, तरी ती ओळ डोळ्यांपुढून हलत नाही. बाईंनी कसलंही औषध काढलं नव्हतं. त्यांचं आयुष्यभराचं भांडण होतं ते 'औषध' या एका शब्दाशी.

आधी त्या कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत शिफ्ट करत. मग आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवायला आल्या. मी इतिहासाचा. दौंडला त्यांच्या घरामागच्या उसाच्या रानात बिरा आप्पा धनगरांची मेंढरं बसत. आप्पांनी एकदा विचारलं होतं, "बाई, कोकरू दूध पितंय आन् त्याच दुधानं हगवण लागून मरतंय, हे कसं?" बाईंना तो प्रश्न चिकटला. दूध पचवणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम आतड्यात असतं, ते या कोकरांत कमी पडतं का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी लागते अँटीबॉडी. ती त्या एन्झाइमलाच जाऊन चिकटते, मग रंग दिला की तेवढी जागा तपकिरी होते. एवढंच तिचं काम. 'फक्त संशोधनासाठी' असं वर छापलेलंही असतं. दौंडच्या खाटकाकडून कोकरांची आतडी घेऊन बर्फाच्या डब्यातून त्या एसटीने येत. डब्यात काय, असं कुणी विचारलं की खरं सांगत, आणि शिरूरपर्यंत शेजारची सीट रिकामी राही.

अखेर अनुदानातून अँटीबॉडी आली. करंगळीएवढी नळी, तळाशी तीनेक थेंब. एवढी महागाची वस्तू लोकार्पणाशिवाय वापरायची कशी, असं प्राचार्यांना वाटलं. मांडव पडला, समई आली. नळी बर्फातून काढून पूजेच्या ताटात हळदीकुंकवाशेजारी ठेवली. ज्या बाईंच्या बौद्ध घरात तीर्थप्रसादाचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या संशोधनाची ही अशी आरती. अध्यक्षांनी ओवाळलं, टोपण काढलं, नळी तळहातावर उपडी केली आणि ते भक्तिभावाने पिऊन टाकलं. उरलेला ओलावा डोक्यावरून फिरवला. बाई खुर्च्या सरकवत मंचाकडे धावल्या होत्या.

"साहेब, ते प्यायचं नव्हतं. ते औषध नाही."

"मग काय हाय?"

"टिकावं म्हणून त्यात जरासं विष घातलेलं असतं."

अध्यक्षांनी ओठ पुसले. "गेलं आता पोटात. करंल काहीतरी बरंच."

तेवढ्याशा विषाने काही होणार नव्हतं, झालंही नाही. बाईंचं वर्ष मात्र एका घोटात संपलं. अध्यक्षांचं जुनं पित्त त्या दिवसापासून गेलं म्हणे. पुढे प्रत्येक भाषणात ते आमच्या मॅडमच्या औषधाची साक्ष देत. संस्थेने पुरस्कार जाहीर केला, तेव्हा बाई म्हणाल्या, "औषध माझं नाही, आणि तुमचं पोटही माझं नाही." उद्धटपणाबद्दल मेमो मिळाला. पुण्याच्या एका मैत्रिणीकडून त्यांनी थेंबभर अँटीबॉडी मागून आणली आणि काचपट्ट्या केल्या. ताडून पाहायला घेतलेल्या उंदराच्या आतड्यावर तपकिरी रंग आला, कोकराच्या आतड्यावर नाही. एन्झाइमच नव्हतं, की ही अँटीबॉडी मेंढीचं एन्झाइम ओळखतच नव्हती, हे ठरवता येईना. कळप तेव्हा पाटसकडे होता. बाई तिथे जाऊन आप्पांना म्हणाल्या, मला कळलं नाही. आप्पा हसले. "कळलं न्हाई हे सांगायला येवढ्या लांब आलात व्हय? बाकीचे तर कळलं म्हणत्यात, कोकरू तरी मरतंच."

कोकराची ती काचपट्टी बाई दर वर्षी नव्या मुलांसाठी सूक्ष्मदर्शकाखाली लावत. तपकिरी कुठे दिसतंय ते सांगा, म्हणत. मुलं हुशार, सगळ्यांना दिसायचं. कुणाला कडेला, कुणाला मधोमध. बाई थांबून राहायच्या... कधीतरी एखादी मुलगी घाबरत म्हणायची, "मॅडम, मला न्हाई दिसत." तिला त्या फक्त "बसा" म्हणायच्या. एरवी मुलांना अरे-तुरे करणाऱ्या बाईंचं ते 'बसा' वर्गाला बरोबर कळे.

शोकसभा संपल्यावर अध्यक्षांना बाईंच्या प्रयोगशाळेत नेलं. तिला बाईंचं नाव द्यायचं होतं. कोकराची ती काचपट्टी लावलेलीच होती. प्राचार्यांनी दिवा लावून सांगितलं, साहेब, मॅडमचं संशोधन, तपकिरी रंग बघा. अध्यक्ष एक डोळा मिटून बराच वेळ वाकले.

"दिसतंय की. लई दिसतंय."

मग प्राचार्यांनी पाहिलं. त्यांनाही दिसलं. मग मी वाकलो. फिकट निळं आतडं, घडी घातलेल्या ओल्या कापडासारखं. बाकी काही नाही.

"मला नाही दिसत," मी म्हणालो.

"मोतीबिंदू असेल, सर," प्राचार्य मायेने म्हणाले, आणि सगळे चहाला गेले. मी तिथेच उभा राहिलो... बसा म्हणणारं कुणी नव्हतं.