दाजींनी भिंतीवर लावलेला दिवस

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मारुतीदाजी लेथ मशीनवरच कोसळले आणि गेले, असा फोन आला तेव्हा मी अक्काकडे, माझ्या बहिणीकडे होते. तिची बारा वर्षांची गौरी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. मी तिचे हात दाबून धरले होते. फोन ऐकून अक्का खाली बसली, पण हात सोडून तिला सावरायचीही सोय नव्हती...

दाजी देवमाणूस नव्हते. गौरीला ऑटिझम आहे. शब्दांपेक्षा चित्र तिला लवकर कळतं, हे उमगेपर्यंत त्या घरात रोज रक्त निघायचं. अंघोळीला चल म्हटलं की ती चावायची. एकदा तांब्या हाणून तिनं दाजींचे दोन दात पाडले, तेव्हा त्यांनी पट्टा काढला. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत. मीही कमी नव्हते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी, सगळं समजावून सांगता येतं हा माझा तोरा. पोरीला गदगदा हलवून तेच तेच ओरडायचे. एकदा सातवी नापास दाजी म्हणाले, "मास्तरीणबाई, जरा गप्प बसा. पंचवीस वर्षांत लेथवरचं काम मला कुणी तोंडी सांगितलं नाही. हातात ड्रॉइंग देतात. हिला कोण देतंय?"

मग त्यांनी बादली, कपडे, बस यांचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून तिचा अख्खा दिवस भिंतीवर ओळीनं लावला. संध्याकाळच्या जागी स्वतःचा फोटो: बाबा घरी आले. त्यानंतर ताट. मारामारी लगेच थांबली नाही, पण पट्टा पुन्हा निघाला नाही.

ते गेल्यावर पोरीला त्रास नको म्हणून मी तो फोटो काढून कपाटात टाकला. बाबा देवाघरी गेले, हे तिला शंभरदा सांगितलं. ती रोज त्या रिकाम्या जागी डोकं आपटायची, ताटाला शिवायची नाही. आठव्या दिवशी भिंत लाल झाली. सोडवायला गेले तर माझ्या मनगटाचा लचका तोडला.

अक्का म्हणाली, "फोटो आण. कारखान्यात रद्द झालेलं ड्रॉइंग लपवत नाहीत, त्याच्यावर लाल रेघ मारतात. बस येणार नसली की हे तिच्यासमोरच बसच्या फोटोवर तशी रेघ मारायचे."

पेन तिनंच घेतलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून रेघ ओढताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो... गौरीनं तिला दोन गुद्दे घातले, फोटो हिसकावला आणि नेमका त्याच जागी लावला.

आता संध्याकाळी ती त्या रेघेवरून बोट फिरवते आणि जेवायला बसते. अक्का भिंतीकडे पाठ करून वाढते.