सव्वा महिना
ओव्याच्या धुरीचा वास आला की मूर्तिजापूरच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवते. मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी रडून लालबुंद व्हायची आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एका दुपारी तिने माझा हात घट्ट धरला. “मले हे लेकरू आपलं वाटतच नाई वं. काय होऊन राह्यलं मले?” मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “नजर लागली असंन. आपल्या घरी गेली का होईन बरी.” सव्वा महिना होताच आम्ही तिला अकोल्याला सासरी धाडलं. निघताना ती रडलीसुद्धा नाही. आठ दिवसांत तिने जीव दिला आणि मुलगी आमच्याकडे आली. आता ती आठवीत आहे. परवा वेणी घालताना तिने विचारलं, “मावशी, माही आई कायनं गेली वं?” मी म्हणाले, “तापानं.”