लाल औषधाची उमेदवारी

मेडिकलच्या यादीत माझा नंबर लागला नाही आणि त्या आठवड्यात आमच्या घरी सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. इंटर सायन्सला पुन्हा बसायचं आणि मार्क वाढवायचे, एवढं मी ठरवून टाकलं होतं. वडिलांच्या मावसभावाला ते फारच साधं वाटलं. हे काका डॉक्टर होते. म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं होतं. नावापुढच्या अक्षरांचा अर्थ कुणी विचारलेला त्यांना खपत नसे.

"नुसत्या मार्कांनी काय होतंय? अनुभव दाखवावा लागतो. हिला माझ्याकडं पाठव. असा दाखला देतो की बघत राहतील," ते म्हणाले. वडिलांना धन्य धन्य वाटलं.

अनुभव असा होता: सकाळी पाण्यात लाल औषध कालवायचं, बाटल्या भरायच्या, त्यांवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची. ताप, खोकला, कंबरदुखी, सगळ्यांना तेच लाल. माणूस जरा इस्त्रीच्या कपड्यांतला असला तर गुलाबी. सुई मात्र सगळ्यांना सारखी. पेशंट स्टुलावर टेकायच्या आत काकांची सिरिंज भरलेली असे. मधल्या वेळात मी काकूंचं दळण आणायचं. यालाही ते 'ट्रेनिंग'च म्हणत.

उन्हाळ्यात एकदा मंगळवेढ्याकडची एक बाई तान्हं पोर घेऊन आली. मेंढरं राखणारं घर. पोराला जुलाब लागले होते. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायचंही त्राण नाही.

"दूद बी वडंना, डाक्टर. लई मलूल झालंय," ती म्हणाली.

काकांनी सुई उचलली. "पाणी पाजू नको हां अजिबात. जुलाब वाढतात."

मी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "काका, याच्या अंगातलं पाणी आटलंय. सलाईन लागेल. सिव्हिलला न्यायला पाहिजे."

"डॉक्टर तू का मी?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची माझी फार इच्छा होती. पण मी बाईकडे वळले. "मावशी, चला. टांगा बोलावते."

"व्हय, चल की बाई," म्हणत ती उठलीसुद्धा. काकांची सिरिंज हवेतच राहिली.

सिव्हिलमध्ये पोराला लगेच सलाईन लावली. संध्याकाळी ते किंचाळून रडलं तेव्हा बाई आधी हसली, मग तिलाही रडू आलं.

मी काकांकडे परत गेले नाही. घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, दाखला गेला की!" पोर जगलं का, हे त्यांनी विचारलं नाही. आईनं विचारलं.

मग मी दार लावून फिजिक्स घेऊन बसले. पुढच्या वर्षी मार्क वाढले, मेडिकलच्या मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्यांनी मार्क पाहिले, राहणार कुठे ते विचारलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. अनुभवाची चौकशी कुणीच केली नाही.

यादीत नंबर लागला त्या संध्याकाळी काका पेढे घेऊन हजर. ओसरीवर शेजारी जमले होते.

"माझ्याच हाताखाली तयार झालीय पोरगी," ते सगळ्यांना सांगत होते. वडील मान डोलावत होते.

आईनं माझ्या हातात त्यांच्यासाठी चहाचा कप दिला. मी तो तिच्याच हातात परत ठेवला आणि आत निघून गेले.