खराब कागदावरची पंधरावी ओळ

पत्रकावरची एखादी ओळ वाचून तुम्ही चालता चालता थांबता, तेव्हा ती खरोखर कुणी लिहिली हे कधी विचारता का? की खाली छापलेलं नाव वाचून पुढे जाता?

तीन आठवड्यांपूर्वी मी जळगावात एका बैठकीत होते, तेव्हा धुळ्याच्या छापखान्याच्या मालकांचा फोन आला. भास्करभाऊ गेले. सकाळी मशीन पुसताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी जिन्यात येऊन बसले. रडू येण्याआधी मला हलकं वाटलं. आता ती गोष्ट सांगणारं कुणी उरलं नाही, हा विचार आधी आला... माणूस गेल्याचं दुःख त्याच्या मागून.

भाऊ ऑफसेट मशीन चालवायचे. आमच्या संघटनेची सगळी पत्रकं त्यांच्या हातून निघाली. माझे वडील कार्यकर्ते, त्यामुळे घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकंच आली आणि अक्षरंही मी त्यांवरच शिकले. लिहिणारे आम्ही, छापणारे ते, अशी विभागणी मी मनात करून टाकली होती. समतेवर भाषणं करत असतानाच. मग एरंडोलकडच्या एका गावाची सकाळची बस बंद झाली आणि पोरींचं शाळेत जाणं थांबलं. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि चार दिवस मी अडकून पडले. शोषण, धोरण, व्यवस्था, सगळे शब्द होते. फक्त वाचणाऱ्याला थांबवणारी ओळ नव्हती. छापखान्यात जाऊन मी म्हटलं, आज छापायला नको, उद्या सगळ्यांची बैठक घेऊन ओळ ठरवू. भाऊ डबा खात होते. ते हसले, हात धुतले आणि कागद कापायच्या खोलीत एकटेच जाऊन बसले.

मशीन लावताना शाई सारखी बसेपर्यंत पहिले कागद वाया जातात. भाऊ त्यांच्या कोऱ्या पाठीवर विचार करायचे. सुचेल ते भराभर लिहायचं, काही खोडायचं नाही. मी दारातून पाहत होते. एक ओळ कंडक्टरच्या तोंडची, एक पोरीच्या आईची, एक तर चक्क बसची. चौदा ओळी लिहिल्या, त्यातल्या काही हास्यास्पद होत्या. पंधरावी होती, "बस नही, आमनी शाळा बंद व्हयनी."

मी आत जाऊन ती ओळ दोनदा वाचली. भाऊ म्हणाले, "ताई, पहिला कागद बठ्ठा खराबच निंघतस. डोकानं बी तसंच शे."

डोक्यातूनही पहिलं सगळं खराबच निघतं, हे ऐकलं आणि त्या क्षणापासून मी त्यांच्यावर जळले. घरी दार लावून मीही तसं करून पाहिलं. दोन ओळी लिहिल्या आणि पहिली खोडली. स्वतःची वाईट ओळ कागदावर मला बघवेना. भाऊंना ती भीती नव्हती. त्यांची सातवी इयत्ता, माझं एम.ए... आणि अडलेलं डोकं मोकळं करायची रीत त्यांच्याकडे!

पत्रक माझ्या नावाने निघालं. पोरींनी ती ओळ रस्त्यावर म्हटली, बस सुरू झाली. जळगावच्या सभेत अध्यक्षांनी या ओळीसाठी माझं कौतुक केलं. मी उठून म्हणाले, ही ओळ माझी नाही, आपल्या सगळ्यांची आहे. लोकांना तो नम्रपणा वाटला, टाळ्या पडल्या. खरं तर सगळ्यांचं नाव पुढे करून मी एकाचं नाव झाकत होते. तत्त्व इतकं सोयीचं मला आधी कधी वाटलं नव्हतं. भाऊ पत्रकांचे गठ्ठे घेऊन आले होते, मागच्या रांगेत बसले होते. बाहेर चहा पिताना त्यांनी एवढंच म्हटलं, "बठ्ठासनी लिखी का ताई ती ओळ? मी ते एकलाच व्हतू."

आणि बशीतला चहा फुंकत राहिले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. माझी पुढची पत्रकं तितक्याच काळजीने छापली. ओरडले असते तर मी भांडले असते, सिद्धांत सांगितले असते. त्यांनी ती सोयही मला दिली नाही.

परवा मी छापखान्यात गेले. कागद कापायच्या खोलीत नवा माणूस काम करत होता. ते खराब कागद मी मागितले, तर रद्दीत गेले म्हणाला. म्हणजे ती ओळ भाऊंची होती याचा पुरावा आता माझ्या तोंडाशिवाय कुठेही नाही.

म्हणून ही विनंती. ते पत्रक धुळे-जळगावात कुणाच्या कपाटात, कुणाच्या वहीत अजून असेल. काढा. खालचं माझं नाव खोडा आणि तिथे भास्करभाऊंचं नाव लिहा. पेन्सिलीने नको, पेनाने लिहा.