लेकुरवाळीचा उपास

देवाशी घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. परीक्षा, नोकरी, लग्न, प्रत्येक वेळी मी उपास पुढे केला आणि काम करून घेतलं. त्यामुळे सातव्या महिन्यातच बाळ झालं आणि थेट काचेच्या पेटीत गेलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. पोटुशी असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी श्रावणातला एक सोमवार मोडला होता. त्याचीच ही शिक्षा, असं मनानं घेतलं. मग महादेवाला सांगून टाकलं, बाळ घरी येईपर्यंत दिवसाला एक फळ आणि चहा, बस्स.

घरी कुणाला याचा पत्ता नव्हता. नवरा स्टील प्लांटमधली ड्युटी सांभाळून हॉस्पिटलला यायचा. सासूबाई वैशाली नगरच्या घरून रोज डबा पाठवायच्या आणि मी तो गुपचूप वॉर्डातल्या आयाबाईला देऊन टाकायची. सासूबाई भंडाऱ्याकडच्या, मनानं फार चांगल्या, पण धास्तावलेल्या. "आताच कोनाले सांगू नको. पोरगं हाती लागू दे, मंग पेढे वाटू," म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. पण मुलगा झाला म्हणून कुणी माझ्याकडे पाहून हसलं नाही. मी बाळंत झाले की आजारी पडले, हेच मला कळेनासं झालं होतं.

दर तीन तासांनी वाटीत दूध काढून द्यायचं, मग सिस्टर ते बाळाला नळीतून पाजायची. पाचव्या दिवशी वाटीचा तळही झाकेना. "टेन्शन मत लो, ठीक से खाओ," सिस्टर म्हणाली. मी मान डोलावली आणि उपास आणखी कडक केला, फळही बंद. आज लिहितानाही स्वतःचा राग येतो. लेकराच्या तोंडचं दूध मीच तोडत होते आणि त्याला भक्ती म्हणत होते.

बाहेरच्या बाकावर बालोदकडच्या खेड्यातली एक म्हातारी बसायची. तिची नात आमच्या शेजारच्या पेटीत होती. दुपारी ती डबा उघडून माझ्यापुढे धरायची, आणि मी "उपवास है" म्हणून तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कतका दिन के उपास हे, नोनी?" किती दिवसांचा उपास, पोरी? घरच्यांपासून लपवलेलं सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगून बसले. मोडलेला सोमवार, शिक्षा, आटलेलं दूध. ती हसली. "महादेव के घर म पारबती दाई घलो हे. ओ दाई लइकोरी ला भूखन राखही का?"

लइकोरी म्हणजे आपली लेकुरवाळी. महादेवाच्या घरी पार्वतीमायही आहे, ती लेकुरवाळीला उपाशी ठेवील का, असं ती विचारत होती. आठ दिवसांत मला पहिल्यांदा कुणीतरी आई म्हटलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी हमसून हमसून रडले. तिने तांदळाच्या पिठाचे उकडलेले फरे माझ्या हातावर ठेवले. "खा ले, पाछू रोबे." आधी खा, मग रड. मी चार फरे खाल्ले. नवस मोडला, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दूध हळूहळू वाढत गेलं. पोटात अन्न गेलं, मन मोकळं झालं, म्हणून, असं डॉक्टर सांगतील. मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी देवाला अटी घालत होते तेव्हा तो माझ्या शेजारी डबा उघडून बसला होता. त्या माउलीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात सिस्टरने बाळाला पहिल्यांदा माझ्या छातीवर ठेवलं, कातडीला कातडी लावून. एका तळव्यात त्याचं डोकं, दुसऱ्यात पाठ. सासूबाई दारातून डोळे पुसत बघत होत्या. "देवाले हात जोड वो पोरी," त्या म्हणाल्या. कसे जोडणार? दोन्ही हात गुंतलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी नमस्कार केला नाही, काही मागितलंही नाही, आणि तो रागावेल अशी भीती मनाला शिवलीसुद्धा नाही.