ड्राइव्हवेवरची मंद शेगडी

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरचा "चालतंय" म्हणाला की "दाखव" म्हणायचं, याचा मला पगार मिळतो. साइटच्या या गूढ अनुभवांच्या विभागात मी आजवर फक्त खुसपटं काढायला आलोय... "वारा असेल", "झोप झाली नसेल" वगैरे. जुने सभासद ओळखतात मला. आज मीच लिहितोय म्हटल्यावर काही जण हसतील, त्यांचा हक्कच आहे तो.

२००५ चा ऑक्टोबर. मिनेसोटातलं ईडन प्रेरी. शनिवारी दुपारी दोनचा सुमार, लख्ख ऊन. म्हणजे अंधार, अमावास्या असलं काही नाही.

आमच्यापासून चार घरं सोडून अरविंदकाका आणि शैलाकाकू राहायचे. काका भूलतज्ज्ञ, तीस-पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत काढलेली. रिटायर झाल्यावर घरी बिअर बनवायचा नाद लागला. त्याला ते "काढा" म्हणायचे, आणि महाराष्ट्र मंडळातल्या बायका नाकं मुरडायच्या तेव्हा त्यांना जास्तच चेव यायचा. मला हे वेड त्यांनीच लावलं. आयुष्य गॅसच्या सिलेंडरांशेजारी गेलेलं, त्यामुळे एका बाबतीत फार कडक. जोडणी केली की तिच्यावर साबणाचा फेस लावायचा, आणि बुडबुडा आला नाही तरच शेगडी पेटवायची. मी एकदा विसरलो तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

त्या एप्रिलमध्ये त्यांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण काकूंना खाऊन टाकत होती ती त्यांची नजर. काका कशाकडे बघायचेच नाहीत. टीव्ही लावा, हाक मारा, नातवंडांचे फोटो समोर धरा... डोळे आपले भिंतीवर. त्यांची मुलगी मीता सांता क्लाराहून रविवारी येणार होती. तिनं एका नर्सिंग होममध्ये जागा बघून ठेवली होती, फक्त सह्या राहिल्या होत्या. मीताचंही चुकत नव्हतं. आई अडुसष्ट वर्षांची, एकटी किती उचलणार?

शुक्रवारी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "निखिल, उद्या आमच्याकडे येऊन तो काढा कर. ह्यांच्या समोर. मला एकदाच कळू दे, हे आत आहेत की नाहीत. नसतील तर मी सही करीन. पण असतील आणि मी त्यांना परक्यांच्यात सोडून आले, तर मला जगता यायचं नाही."

शनिवारी मी सामान घेऊन गेलो.

काकांचीच लोखंडी शेगडी, त्यांचंच पाच गॅलनचं पातेलं. गॅरेजसमोर ड्राइव्हवेवर सगळं मांडलं. काकूंनी व्हीलचेअर आणून आठ-दहा फुटांवर उभी केली, ब्रेक लावला, मांडीखाली दोन्ही बाजूंनी शाल खोचली. मीताचा फोन आला म्हणून त्या आत गेल्या. मी जोडणी केली, फेस लावून पाहिला, शेगडी पेटवली... आणि ज्योत आली ती चहापुरती. पाच गॅलन पाणी त्यावर संध्याकाळपर्यंत कोमटसुद्धा झालं नसतं.

मी चिकट माणूस आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही माझी पद्धत. आधी शेगडीची भोकं टाचणीनं साफ केली. मंद. नळीतून कोळ्याचं जाळं काढलं. मंद. काकांचा दुसरा, भरलेला सिलेंडर लावला. मंदच. आपल्याकडे गॅस संपत आला की करतात तसा सिलेंडर गरम पाण्याच्या टबात ठेवून पाहिला. काही फरक नाही. दीड तास गेला. काका गॅरेजच्या भिंतीकडे बघत बसले होते. मला रडायला येत होतं, आणि त्याहून जास्त राग. मोठी ज्योत नाही तर उकळी नाही, उकळी नाही तर वास नाही, आणि त्या ओळखीच्या वासानं तरी काका बघतील, हीच तर काकूंची शेवटची आशा होती.

राहिला होता फक्त रेग्युलेटर. सिलेंडर बंद केला, काकूंना दारातूनच सांगितलं आणि गाडी काढून हार्डवेअर स्टोअर गाठलं. जाऊन-येऊन वीस मिनिटं.

परत वळलो तर कोपऱ्यावरच आवाज कानावर आला. शेगडी पूर्ण ताकदीनं चालू झाली की जी घरघर होते, ती. पातेल्याखाली निळीशार ज्योत, बाहेरपर्यंत आलेली. मी पळतच गेलो. रेग्युलेटर जुनाच, सिलेंडर तोच. जोडणीवर साबणाचा ताजा फेस होता, एकही बुडबुडा नव्हता. काका जागच्या जागी. ब्रेक लावलेला, शाल तशीच खोचलेली. फक्त त्यांचा उजवा हात... सहा महिने लाकडासारखा पडलेला हात... बोटांपासून मनगटापर्यंत फेसानं ओला होता. आणि लायटर माझ्या जॅकेटच्या खिशात होता. मी तिथेच काढून खात्री केली.

काकूंना हाका मारल्या. त्या कॉर्डलेस फोन हातात घेऊनच आल्या. त्या शेगडीजवळ गेल्याच नव्हत्या. मधे एकदा डोकावल्या होत्या तेव्हा शेगडी बंद होती, आसपास कुणी नव्हतं. मग त्यांनी तो हात पाहिला. मी म्हटलं, "काकू, थांबा, आधी शेजाऱ्यांना विचारू." त्यांनी ऐकलंच नाही. खाली बसून ओढणीनं एकेक बोट पुसत राहिल्या. काका भिंतीकडे बघत नव्हते. ज्योतीकडे बघत होते.

त्या दिवशी काढा झाला. तासभर उकळला, ड्राइव्हवेभर नाचणीच्या सत्त्वासारखा वास पसरला, आणि काकांनी ज्योतीवरून एकदाही नजर हलवली नाही.

रविवारी मीता आली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेजारचं कुणीतरी येऊन गेलं असणार म्हणाली. मी स्वतः दोन्ही बाजूंच्या तीन-तीन घरांत विचारून आलो होतो, कुणीही आलं नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टनं पुन्हा तपासलं. त्या हातात काहीही नाही, हलणं शक्यच नाही. काकूंनी कागद परत केले. मीताला एवढंच म्हणाल्या, "माणूस आहे आत. तो घरातच राहील."

महिन्याभरानं घरी बिअर बनवणाऱ्यांच्या एका फोरमवर मंद ज्योतीचं कारण सापडलं. इथल्या सिलेंडरची चावी झटक्यात उघडली की आतल्या सेफ्टीला वाटतं नळी निसटली, आणि ती गॅस आवळून धरते. नाशिकच्या घरी रेग्युलेटर खटकन चालू करायची सवय, मी प्रत्येक वेळी तेच केलं. उपाय म्हणजे सगळं बंद करायचं, रेग्युलेटर काढून परत लावायचा आणि चावी अगदी हळू उघडायची. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, काका असताना चावी नेहमी तेच उघडायचे. काकूंना तर सिलेंडर कुठून उघडतो तेही माहीत नव्हतं. त्या घरात हे माहीत असलेला माणूस एकच होता.

आता जे केलं त्याची लाज वाटते, पण लिहितो. बग पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे, ही माझी खोड. नंतरच्या तीन शनिवारी मी मुद्दाम चावी झटक्यात उघडली, ज्योत मंद केली, काकांना समोर बसवलं आणि आत जाऊन खिडकीतून बघत राहिलो. काही झालं नाही. तिसऱ्या वेळी काकूंनी मला पकडलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "त्यांची परीक्षा घेतोयस होय रे?"

मी शेगडी आवरून ठेवली. त्यानंतर तसला प्रयोग केला नाही.

काका पुढे चौदा महिने त्या घरात होते. हात पुन्हा हलला नाही, शब्दही आला नाही. एका सकाळी घरीच गेले, काकू शेजारी होत्या. ज्योत कुणी आणि कशी पेटवली याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी खुसपटं काढणार नाही.

एकच गोष्ट मला ठामपणे सांगता येते. त्या शनिवारच्या आधी सहा महिने मी त्या घरी जायचो आणि काका समोर बसलेले असताना काकूंना विचारायचो, "काका कसे आहेत?" त्यानंतर मी त्यांनाच विचारायला लागलो.