खिसेबाई बेटावर जातात

माणूस खिशावरून ओळखावा, असं खिसेबाईंचं ठाम मत होतं. तोंड काय, कुणीही हसरं करतं. खिसा उलटा केला की खरा माणूस बाहेर पडतो. एका बड्या पाहुण्यांच्या कोटातून अर्धी चघळलेली गोळी निघाली होती, नीट कागदात गुंडाळून ठेवलेली. एका कडक शिस्तीच्या मास्तरांच्या खिशात भोवरा सापडला होता. बाईंनी दोन्ही वस्तू तोंडातून ब्र न काढता परत केल्या आणि घरी येऊन पोट धरून हसल्या.

त्यांचं खरं नाव फक्त पगारापुरतं उरलं होतं. धक्क्यासमोरचं बेट एक संस्था सांभाळत होती, आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला बोटीत चढण्याआधी धक्क्यावरच्या छोट्या खोलीत बाईंच्या हाताखालून जावं लागे. खोलीत एक लांब पांढरं टेबल, वर लख्ख दिवा, कडक ब्रश, चिमटा आणि दाभण. बुटांचे तळवे, मोज्यांच्या शिवणी, पिशव्यांचे कोपरे, पँटची दुमड, काही म्हणून सुटत नसे. शोधायचं काय, तर एखादं बी, गवताचं कुसळ, चुकार मुंगी.

कारण त्या बेटावर होतं ते जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. तिथे उंदीर-मांजर कधी पोचलेच नाहीत, त्यामुळे तिथला कोंबडीएवढा करडा पक्षी उडायचंच विसरून गेला होता. जमिनीवर चालायचा, जमिनीवरच घरटं करायचा. मग कधीतरी कुणाच्या तरी मोज्यातून एक काटेरी गवत तिकडे गेलं आणि उतारभर माजलं. त्याची कुसळं पिल्लांच्या पायांना चिकटायची, पाय एकमेकांत अडकायचे आणि पिल्लं जागच्या जागी उपाशी मरायची. संस्थेच्या माणसांनी ते गवत हातांनी उपटून काढलं. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. या माणसांना बोटीने नेणारे-आणणारे म्हणजे खिसेबाईंचे यजमान.

"एक दिवस तुला नेतो, बघ," ते म्हणायचे. "ते पक्षी माणसाला भीतच नाहीत गं. चक्क बुटाची नाडी ओढतात."

नेणं काही झालं नाही. संस्थेचा नियमच होता, की स्वतःची तपासणी स्वतः करायची नाही. आणि तपासणाऱ्या एकट्या बाईच! सगळ्या जगाला आत सोडणारी बाई स्वतः दाराबाहेर राहिली. पुढे यजमान आजारपणात गेले. त्यांचा निळा लोकरी स्वेटर मागे राहिला, तो बाई कामाच्या खोलीत रोज अंगात घालू लागल्या. खोली गार असते म्हणून, असं त्या सांगत.

आता डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचं काहीतरी दुखणं निघालं, चष्म्याने भागण्यासारखं नव्हतं. एकदा मोज्यातलं कुसळ बाईंना दिसलं नाही, बोटाला टोचलं म्हणून कळलं. त्याच दुपारी त्या संस्थेच्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जागी दुसरं कुणी बघा."

साहेबांनी बाईंच्याच सुनेला बघितलं. बाईंना घाम फुटला. सुनेचे डोळे घारीसारखे होते, तांदळातला खडा ती उभ्या उभ्या टिपायची. पण मन म्हणजे निव्वळ लोणी. दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिघांच्या घरात सात छत्र्या झाल्या होत्या. बाईंनी स्वयंपाकघरातच तालीम सुरू केली. मुलाला उर्मट पाहुणा करून उभं करायच्या.

"ओ मॅडम, मला ओळखत नाही का?" मुलगा गुरकावायचा.

सून खुदकन हसायची आणि म्हणायची, "जा हो, जा."

"गेलं बेट!" बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अगं, डोळे आहेत, पण जीभ कुठंय तुझी? नाही म्हणता आलं नाही तर त्या डोळ्यांचं काय लोणचं घालायचंय?"

मात्र धक्क्यावर आता तपासणाऱ्या दोघी झाल्या होत्या, त्यामुळे बाईंना जाता येणार होतं. पिल्लांच्या दिवसांत बेट बंद होई, आणि त्याआधीची शेवटची बोट ठरली. पुढच्या वर्षी डोळ्यांत किती उजेड उरेल कोण जाणे. बाईंनी नवे बूट घेतले, कपड्यांचे खिसे सरळ शिवूनच टाकले आणि वर तो निळा स्वेटर चढवला. नेतो म्हणणारा माणूस नव्हता, निदान त्याचा स्वेटर तरी सोबत.

सुनेने बूट पाहिले, मोजे पाहिले. मग स्वेटर टेबलावर पसरला. तिचा चिमटा बाहीच्या काठाशी थांबला आणि एक कुसळ वर आलं. मग दुसरं. मग काखेतून तीन एकदम. बाई इतकी वर्षं लोकांचे बूट झाडत होत्या, आणि झाडलेलं उडून त्यांच्याच लोकरीत बसत होतं. त्यांना तपासणारं कुणी नव्हतंच.

"आटपा, पाणी उतरायच्या आत निघायचंय," दारातून बोटवाला म्हणाला.

"आई," सून हळूच म्हणाली, "हा स्वेटर नाही जाणार."

"काढ की तेवढी कुसळं."

"आत रुतलीयेत. सगळी निघाली असं मला आत्ता नाही सांगता येणार."

"अगं, एका कुसळाने काय होतंय? आणि मला काय ओळखत नाहीस तू?"

बोलून गेल्यावर बाईंना कळलं की आपण काय बोललो. बोटवाल्याला हसू आवरेना. "खिसेबाई, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ..." तो सुरू झाला, आणि बाईंच्या डोळ्यांचं आठवून त्याने जीभ चावली.

"त्यांचा आहे गं तो," बाई म्हणाल्या. "नेतो म्हणाले होते मला."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लोणी वितळलं, असंच बोटवाल्याला वाटलं. पण तिने डोळे पुसले, स्वेटरची घडी घातली आणि तो मागच्या फळीवर ठेवला.

"ते गवत उपटणाऱ्या माणसांना बाबांनीच नेलं-आणलं, आई. त्यांच्याच स्वेटरमधून ते परत तिकडे गेलेलं मला नाही चालणार."

बाई तरातरा बोटीत जाऊन बसल्या. रागावल्या होत्या, अगदी मनापासून. वारा अंगाला झोंबत होता, आणि प्रत्येक झोताला त्या सुनेला मनातल्या मनात एक नवीन बोल लावत होत्या.

बेटावर उतरून त्या दगडावर टेकल्या. थोड्या वेळाने एक करडा पक्षी तुरुतुरु चालत आला. त्याच्यामागे लवकर फुटलेल्या अंड्यांतली दोन पिल्लं होती. बाईंना ती धूसरच दिसली. पक्ष्याने मान वाकडी करून बुटाकडे पाहिलं आणि नाडी ओढली. एकदा नाही, दोनदा. पिल्लं बाईंच्या पायावरून पलीकडे गेली, त्यांचे काडीसारखे मोकळे पाय बाईंना मोज्यावरून जाणवले. उतारावर आता मऊ गवत होतं. बाई तिथेच हमसून हमसून रडल्या. सकाळचा राग त्यांना पुन्हा शोधूनही सापडला नाही.

संध्याकाळी बोट परत लागली तेव्हा खोलीतला दिवा चालूच होता. सून टेबलाशी वाकून बसली होती, हातात दाभण, समोर उलटा केलेला स्वेटर. शेजारच्या बशीत कुसळांचा ढीग होता. बोटांची टोकं लाल झाली होती.

"पिल्लं दिसली?" तिने आधी तेच विचारलं.

"दिसली. नाडी ओढली माझी."

सून हसली. मग जरा चाचरत तिने स्वेटर सुलटा केला आणि दिव्याखाली धरला. "झाला बहुतेक... नाही, झालाच. एकही नाही राहिलं. तुम्ही बघा ना एकदा."

बाईंनी स्वेटर हातात घेतला. इतक्या वर्षांच्या सवयीने बोटं आपसूक बाहीच्या शिवणीकडे गेली, आणि तिथे थांबली.

"तू बघितलंस ना?"

"हो."

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वेटर न तपासताच अंगात घातला.